मिळाली नाही, पुढे चालू

लातूरला औसा रोडवर एका बँकेच्या डोक्यावर दोन खोल्यांत 'बालाघाट टूल्स' नावाची कंपनी होती. पाटी वाचून महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी जिना चढून यायचं आणि पाना-पक्कड, ड्रिलची पाती मिळतात का म्हणून विचारायचं. त्याला समजावून खाली पाठवायचं काम साहेबराव हनवतेकडे होतं, कारण त्याचं टेबल दारापाशी होतं. इथली अवजारं लोखंडाची नव्हती. दुसऱ्या गावचे प्रोग्रॅमर याद्या, नोंदी, अहवाल यांची सॉफ्टवेअर जे वापरून तयार करायचे, ते अवजार इथं बनायचं. मराठीत नीट चालतं, अशी त्याची ख्याती होती.

कोड लिहायला चार इंजिनियर होते. त्या कोडपासून गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालेल असा प्रोग्रॅम बांधायचा, ज्याला त्या धंद्यात बिल्ड म्हणतात, तो साहेबरावनं बांधायचा. साहेबराव इंजिनियर नव्हता. भोकर तालुक्यातलं त्याचं गाव, किनवटच्या वसतिगृहात शिकलेला, नांदेडच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. त्याआधी त्यानं पाच-सहा वर्षं टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त केले होते. मालक मन्मथअप्पांनी २००९ साली त्याला बिघडलेला यूपीएस बघायला बोलावलं. यूपीएस दुरुस्त करता करता त्यानं शेजारच्या स्क्रीनवर अडकलेला बिल्ड बघितला, आणि कोणती फाईल कुठं शोधली जात नाही ते सांगून टाकलं. अप्पांनी त्याला त्याच आठवड्यात ठेवून घेतलं.

कुठलंही असलं अवजार एकट्याच्या कोडवर उभं राहत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, म्हणजे लायब्ररी, त्यात जोडावा लागतो. बालाघाटच्या अवजाराला बारा लायब्ररी लागायच्या. त्यातल्या पाच नसल्या तर काहीच बांधलं जायचं नाही. उरलेल्या सात ऐच्छिक होत्या. एक नसली तर पीडीएफ निघायची नाही, दुसरी नसली तर फाईल लहान करता यायची नाही, पण बाकीचं चालायचं. साहेबराव या सातांना फार जपायचा. तो म्हणायचा, सक्तीची लायब्ररी हरवली तर ती बोंब मारते, तिची काळजी नाही. ऐच्छिक हरवली तर कोण बोंब मारणार?

म्हणून बिल्डच्या आधी तपासणी करणारी जी स्क्रिप्ट असते, तिच्यात त्यानं प्रत्येक ऐच्छिक लायब्ररीपुढं तीन पर्याय ठेवले होते: 'हवी', 'नको' आणि 'मिळाली तर'. 'हवी' म्हटलं आणि ती मशीनवर सापडली नाही, की बिल्ड तिथंच थांबायचा. 'नको' म्हटलं तर शोधायचाच नाही. 'मिळाली तर' हा पर्याय त्यानं घरी खटपट करणाऱ्यांसाठी ठेवला होता. कंपनीचा शिक्का मारून जो बिल्ड बाहेर जायचा, त्यात सातही 'हवी'वर असायच्या. आणि बिल्ड संपताना पडद्यावर एक यादी यायची, काय आत आहे आणि काय बाहेर आहे. ती यादी छापून, वाचून, खाली तारीख टाकून फाईलला लावल्याशिवाय साहेबरावनं सहा वर्षांत एकही बिल्ड दाराबाहेर जाऊ दिला नव्हता.

इंजिनियर त्याच्या या सवयीला हसायचे. नाव साहेबराव, टेबल दारात, आणि काम काय, तर चपला मोजायचं. तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

२०१५च्या जूनमध्ये व्यंकट बिरादार आला. उदगीरचा, एकोणतीस वर्षांचा, पुण्यात सहा वर्षं काढून परतलेला. हुशार होता, त्यात वाद नाही. आल्या आल्या त्यानं अवजाराचा वेग दुप्पट केला. अप्पांना 'अप्पा', बाकी सगळ्यांना पहिल्या नावानं आणि साहेबरावला नुसतं 'हनवते' म्हणायचा.

ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकानं तक्रार केली. त्यानं अवजाराचा कोड घेऊन स्वतःच्या मशीनवर बिल्ड करायला घेतला होता, पर्याय 'हवी'वरच राहिले होते, आणि एक ऐच्छिक लायब्ररी मिळेना म्हणून बिल्ड थांबला. गिऱ्हाईक चिडलं होतं. व्यंकटनं विषय अप्पांपुढं काढला. त्याचं म्हणणं उघड होतं: जी ऐच्छिक आहे तिच्यासाठी काम थांबवायचंच कशाला? सगळ्यांना 'मिळाली तर' लावावं, आणि शेवटची ती लांबलचक यादीही काढावी, कारण 'नाही, नाही, नाही' वाचून लोक घाबरतात.

साहेबरावनं सांगून बघितलं. गिऱ्हाइकाला घरी जे करायचं ते करू द्या, पण आपण जे आपल्या नावानं देतो त्याला ढिलं सोडू नका. गिऱ्हाईक काय आत आहे ते बघून घेत नाही, ते आपलं नाव बघून घेतं. व्यंकटनं ऐकून घेतलं आणि म्हणाला की आपल्या मशीनवर सातही लायब्ररी आहेतच, मग फरक काय पडतो?

अप्पा म्हणाले, "साहेबराव, आपल्याला काम चालवायचं हाय का थांबवायचं?"

त्या दिवशी स्क्रिप्ट बदलली. बदल साहेबरावच्याच हातानं झाला, कारण ती स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाला धड वाचता येत नव्हती. आता लायब्ररी सापडली नाही तर हजारो ओळींच्या गर्दीत एकच ओळ यायची, 'मिळाली नाही, पुढे चालू', आणि वर सरकत निघून जायची. आठ महिने काहीच बिघडलं नाही. लातूरच्या मशीनवर सगळंच होतं. व्यंकट बरोबर ठरला होता, आणि साहेबरावला कधी कधी वाटायचं की आपण उगाच हट्ट करत होतो.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला, आणि मार्चपर्यंत लातुरात नळ म्हणजे भिंतीतून आलेला लोखंडाचा तुकडा, एवढंच उरलं. ऑफिसच्या संडासाला कुलूप लागलं. दोघे इंजिनियर गावी गेले ते आलेच नाहीत. मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं तेव्हा अख्ख्या देशातले कॅमेरे स्टेशनावर उभे होते, पण औसा रोडच्या बँकेवर ते पाणी चढलं नाही. एप्रिलच्या मध्याला अप्पांनी ठरवलं की पाऊस पडेपर्यंत ऑफिस नांदेडला न्यायचं. गोदावरीकाठी निदान घोटभर पाणी होतं. वर्कशॉप कॉर्नरजवळ एक हॉल भाड्यानं घेतला. जुनं मशीन उन्हातून नेताना निकामी होईल म्हणून ते लातूरलाच ठेवलं आणि नांदेडला नवं जोडलं.

साहेबरावची बायको सुमन आणि मुलगी लातूरलाच होत्या. मुलीची परीक्षा चालू होती.

नवं मशीन साहेबरावनं उभं केलं. लायब्ररींची यादी ज्या फाईलमध्ये होती ती फाईल लातूरच्या कपाटात राहिली होती. बाराच्या बारा आपल्याला तोंडपाठ आहेत असं त्याला वाटलं, आणि त्यानं अकरा टाकल्या. बारावीच्या वेळी सुमनचा फोन आला. गल्लीत टँकर आलाय, भांडणं लागलीत, शेजारच्या बाईनं आपली घागर फेकून दिली. ती रडत होती. तो अर्धा तास तिला समजावत राहिला. परत खुर्चीत बसला तेव्हा काय राहिलं होतं ते डोक्यातून गेलं होतं, आणि बिल्ड दुपारपर्यंत द्यायचा होता.

बिल्ड चालू केला. ओळी सरकल्या. थांबला नाही. शेवटी चाचण्यांचा निकाल आला: चारशे तीन पास, नापास एकही नाही, नऊ वगळल्या.

नऊ वगळल्या, यावर त्याची नजर अडली. लातूरच्या मशीनवर दोन-तीन वगळल्या जायच्या, ते नेहमीचंच होतं. नऊ म्हणजे जरा जास्त होत्या. लायब्ररीच नसेल तर तिच्या चाचण्या करणार कशाच्या, म्हणून त्या वगळल्या जातात, नापास होत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पूर्वी त्यानं उठून बघितलं असतं. पण पूर्वीची यादी आता नव्हती, व्यंकट पलीकडून झालं का म्हणून दुसऱ्यांदा विचारत होता, आणि सुमनचा आवाज अजून कानात होता. साहेबराव म्हणाला, झालं.

पुढं कितीतरी दिवस तो हा शब्द आठवत राहिला. बाकीच्यांचं काय ते बाकीचे बघतील, पण हा शब्द त्याचा होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या मोबाईलवर एका बाईंचा फोन आला. नंबर त्यांना एका जुन्या माहितीपुस्तकाच्या मागच्या पानावर सापडला होता. उमाबाई त्यांचं नाव. टँकरच्या मागणीचं सॉफ्टवेअर ज्या ठेकेदारानं केलं होतं, त्याच्याकडं लातूरला त्या एकट्या प्रोग्रॅमर होत्या, आणि ते सॉफ्टवेअर बालाघाटच्या अवजारावर बांधलेलं होतं. त्यांनी सांगितलं ते असं. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार अशी तेव्हा सगळीकडं चर्चा होती. ठेकेदारानं उद्या धावपळ नको म्हणून गावांची दुसरी यादी आधीच टाईप करून घेतली होती, कोणतं गाव जुन्या जिल्ह्यात राहील आणि कोणतं नव्यात जाईल, अशी. टँकरची मागणी पहिल्या यादीतून यायची आणि दुसऱ्या यादीशी जुळवून पुढं जायची. एप्रिलअखेर त्यांनी अवजाराची नवी आवृत्ती घातली, आणि तेव्हापासून सात गावं जुळेनात. चूक म्हणून दाखवतही नव्हती, नुसती गळत होती. एका गावचा माणूस चौथ्यांदा चकरा मारायला आला, तेव्हा त्यांनी जुन्या आवृत्तीवर ताडून बघितलं, तर सातही गावं जागच्या जागी. कंपनीत फोन केला तर बिरादार सर म्हणाले की तुमचा डेटा खराब आहे.

साहेबरावनं विचारलं, "गावांची नावं सांगता का ताई?"

त्यांनी वाचली. वऱ्हाळवाडी. गोऱ्हा. कुऱ्हाडवाडी. तऱ्होळी. कऱ्हे खुर्द. कऱ्हे बुद्रुक. मोऱ्याची वाडी.

चौथ्या नावालाच त्याच्या ध्यानात आलं. सातही नावांत 'ऱ' होता, ज्याला आडवा होऊन दुसऱ्या अक्षराला चिकटायची सवय आहे तो. कॉम्प्युटरच्या पोटात हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवता येतं. एका कळफलकावर ते अख्खं एक अक्षर म्हणून जातं, दुसऱ्यावर 'र' आणि त्याखालचं टिंब असे दोन तुकडे जातात. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, मशीनला मात्र ती दोन वेगळी नावं असतात. लातुरात टाईप झालेली यादी एका तऱ्हेची होती, उदगिरात झालेली दुसऱ्या. ही दोन रूपं एक करून घेणारी एक लायब्ररी असते. बारावी लायब्ररी तीच होती.

"डेटा बरोबर हाय तुमचा," साहेबराव म्हणाला. "चूक आमच्याकडून झालीय. माझ्याकडून."

लायब्ररी टाकायला आणि पुन्हा बिल्ड करायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यानं कुणाला न विचारता तो उमाबाईंना पाठवला. तासाभरात त्यांचा फोन आला की सातही गावं परत आली. मग त्या म्हणाल्या की वऱ्हाळवाडीची एक बाई विहिरीत उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. चकरा मारणारा माणूस तिचाच नवरा होता.

साहेबराव अप्पांकडे गेला. त्याचं मागणं सरळ होतं: आजच सगळ्या गिऱ्हाइकांना कळवावं की एप्रिलच्या आवृत्तीत ही लायब्ररी नाही, ती वापरू नका. एकतीस गिऱ्हाइकं होती. कुणी शाळेच्या याद्या करत होतं, कुणी दवाखान्याच्या. कुणाची नावं कुठं गळत असतील, सांगता येत नव्हतं. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं. व्यंकट म्हणाला की पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती येतेच आहे, त्यात गुपचूप दुरुस्त होऊन जाईल. तक्रार एकाचीच आहे. बाकी तिसांना आपणहून उठवायचं कशाला? अप्पांनी मान डोलावली. तेही वाईट माणूस नव्हते. त्यांनी ही कंपनी दोन खोल्यांत वाढवली होती, आणि त्या उन्हाळ्यात ती त्यांच्या हातातून निसटत होती.

रविवारी साहेबराव एसटीनं लोहामार्गे निघाला. पुढं वडापच्या जीपनं फाट्यापर्यंत गेला आणि तिथून वऱ्हाळवाडीला चालत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवर, डोंगराच्या कुशीत, चाळीस-पन्नास घरांचं गाव. आपण कशाला चाललोय हे त्याला नीटसं सांगता आलं नसतं. फाट्यापासून त्यानं दोनदा परतायचा विचार केला.

गुणाबाई ओसरीत बाजेवर पडून होत्या. साठीच्या आसपासच्या. कमरेखाली गोधडी, हाड ताणून धरायला पायाला दोरी बांधून पलीकडं वीट सोडलेली. नवरा तालुक्याला गेला होता, घरात सून होती. कोणीतरी सरकारी माणूस चौकशीला आलाय असं समजून गुणाबाईंनी त्याला बसायला सांगितलं. नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. मग आपणच बोलायला लागल्या. शेजारच्या वाडीला टँकर यायचा, यांना यायचा नाही. एकोणीस दिवस आला नाही. विहिरीच्या तळाला एक झिरा होता, त्यातून वाटीवाटीनं पाणी भरायचं. पायऱ्या निसरड्या नव्हत्या, उलट कोरड्याठाक होत्या, एक दगडच निघून आला.

"आमचे मालक गेल्ते चारदा," त्या म्हणाल्या. "म्हणले, कम्प्युटरात गावच न्हाई तुमचं. आता गावच न्हाई म्हणल्यावर कुणासंगं भांडावं?"

सुनेनं तांब्या-पेला आणून ठेवला. साहेबराव नको म्हणाला. पाणी त्या घरात किती आहे ते त्याला कोपऱ्यातल्या दोन घागरींवरून दिसत होतं. गुणाबाईंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "घ्या ओ. तसलं आता काही न्हाई आमच्यात."

त्याला कळायला क्षणभर वेळ लागला. आडनाव ऐकून त्यांनी ताडलं होतं, आणि तो त्याच कारणानं पेल्याला हात लावत नाही असं त्यांना वाटलं होतं. "तसं न्हाई, मावशी," तो म्हणाला. त्यानं पेला उचलला आणि सगळं पाणी प्याला. ते कोमट होतं आणि त्याला मातीचा वास होता.

पेला खाली ठेवून तो म्हणाला, "मावशी, तुमचं गाव कम्प्युटरातून निघालं ते माझ्या हातून."

"तुम्ही तहसीलात हाव का?"

"न्हाई. मी खासगी कंपनीत हाय."

"मग तुमच्या हातात काय असतंय, बाबा," गुणाबाई म्हणाल्या, आणि त्याची समजूत घातल्यासारखा हात हलवला.

फाट्यावर जीप मिळेपर्यंत तो दोन तास उन्हात बसला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यानं लातूरला घरी गेल्यावर सुमनला सांगितलं. सुमन म्हणाली की शिव्या द्यायला तरी समोरचा कोण आहे ते कळावं लागतं.

आठवड्यानं ठेकेदाराचं पत्र आलं. सात गावं का गळली याचा त्याला वर खुलासा द्यायचा होता आणि त्याला तो कंपनीकडून हवा होता. अप्पांनी मसुदा व्यंकटकडून लिहून घेतला आणि सहीसाठी साहेबरावच्या पुढं ठेवला. पाच ओळी होत्या. एकवीस एप्रिलचा बिल्ड श्री. साहेबराव हनवते यांनी केला. नवीन मशीनवर आवश्यक ती लायब्ररी टाकण्याचे त्यांच्याकडून राहून गेले. चाचण्यांच्या निकालात तसे दिसत असूनही त्यांनी ते निदर्शनास आणले नाही. दोष दूर केला आहे. असे पुन्हा होणार नाही.

साहेबरावनं ते तीनदा वाचलं. एकही ओळ खोटी नव्हती. 'आवश्यक' या शब्दावर मात्र तो रेंगाळला. इतकी वर्षं जिला ऐच्छिक म्हणत होते, ती पत्रात आवश्यक झाली होती.

त्यानं पेन घेतलं आणि खाली हातानं एक ओळ लिहिली: 'लायब्ररी नसल्यास बिल्ड थांबण्याची अट व शेवटची यादी ऑगस्ट २०१५ मध्ये माझ्या सांगण्याविरुद्ध काढण्यात आली होती.' त्याखाली सही केली.

अप्पांनी कागद वाचला. मग म्हणाले, "हे खरं हाय. पण हे लिहून तुमचा काय फायदा?"

"फायदा न्हाई, अप्पा. पुढच्या बारीला कुणीतरी यादी छापंल."

दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की पत्र पुन्हा टाईप होऊन गेलं. शेवटची ओळ नव्हती आणि सही अप्पांची होती. भांडण करायला जागाच उरली नव्हती, कारण जे गेलं होतं ते सगळं खरं होतं.

त्या दुपारी साहेबरावनं आपल्या खासगी ईमेलवरून एकतीसच्या एकतीस गिऱ्हाइकांना लिहिलं. कोणत्या तारखेच्या आवृत्तीत काय नाही, आपल्याकडं ते आहे का ते कसं तपासायचं, कोणती अक्षरं धोक्याची, एवढंच. कंपनीबद्दल वाकडा शब्द नाही. चौघांची उत्तरं आली. एकानं आभार मानले. एकानं नवी आवृत्ती फुकट मिळेल का विचारलं. एकानं लिहिलं की हे आपल्याला लागू होत नाही. चौथ्यानं ते ईमेल जसंच्या तसं अप्पांना पुढं पाठवलं.

अप्पा ओरडले नाहीत. थोडे दिवस घरी राहा, मी बोलावतो, म्हणाले. जाताना साहेबरावच्या खांद्यावर हात ठेवला. ते बोलावणं आलं नाही. जूनच्या शेवटी लातुरात पाऊस सुरू झाला, पुढं सप्टेंबरात तर पूर आला, आणि कंपनी औसा रोडच्या जुन्या खोल्यांत परत गेली. दारापाशी आता टेबल नसतं असं कुणीतरी त्याला सांगितलं. दिवाळीत नवी आवृत्ती निघाली. तिच्या माहितीपत्रात पहिल्याच ओळीत एक नवी सुविधा दिली होती: बिल्ड संपताना कोणत्या लायब्ररी आहेत आणि कोणत्या नाहीत याची ठळक यादी. सुविधेखाली कल्पना आणि रचना म्हणून व्यंकट बिरादारचं नाव होतं. साहेबरावनं ते माहितीपत्र नांदेडच्या एका दुकानात बघितलं, जिथं तो आता प्रिंटर आणि यूपीएस दुरुस्त करत होता. सुविधा बरोबर बसवलेली होती. त्यानं मुद्दाम तपासली.

उमाबाईंचा मधे एकदा फोन आला. ठेकेदारानं त्यांना जुन्या आणि नव्या यादीचा ताळा करणारा त्यांनी लिहिलेला भाग काढून टाकायला सांगितला होता, कारण त्यामुळं काम हळू होतं. त्यांनी काढला नाही. मग ठेकेदारानं दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतला. सांगताना त्या हसल्या, पण ते हसणं साहेबरावला ऐकवलं नाही. जिल्ह्याची चर्चाही तोवर विझली होती, उदगीर होतं तिथंच राहिलं. ज्या यादीपायी हे सगळं झालं ती कुणालाच लागली नाही.

गुणाबाईंचा खुबा नीट बसला नाही. त्या काठी धरून चालतात, असं त्यांच्या नवऱ्यानं एकदा फोनवर सांगितलं. साहेबरावनं आपला नंबर त्यांना देऊन ठेवला होता. कशासाठी, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी, २०१८च्या शेवटाला, पुन्हा पाऊस कमी झाला. पुढल्या मार्चपासून टँकर सुरू होणार असं वर्तमानपत्रात आलं. साहेबरावनं दुकानात दुपारची गर्दी ओसरल्यावर सातही गावांच्या ग्रामसेवकांचे नंबर मिळवले आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. तुमच्या गावाचं नाव टँकरच्या यादीत आलंय का, एवढंच विचारायचा. पाचांनी हो म्हणून फोन ठेवला. एकानं उचलला नाही. मोऱ्याच्या वाडीचा ग्रामसेवक नवा होता, तरुण असावा. त्यानं विचारलं की आपण कोणत्या ऑफिसातून बोलता?

"ऑफिसातून न्हाई," साहेबराव म्हणाला.

"मग गाव तुमचं हाय का हे?"

"न्हाई."

"मग तुम्ही कशाला विचारून राहिलात?"

साहेबरावनं हातातल्या कागदावरची सात नावं पुन्हा वरून खाली वाचली. पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू येत होतं. समोर एक गिऱ्हाईक काखेत प्रिंटर घेऊन उभं राहिलं होतं. "नाव आलंय का, तेवढं सांगा," तो म्हणाला. तोवर फोन कटला होता.